एक चमचा सोडा आणि एक ढेकर

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. चमच्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे ते काय असणार, असे तुम्हाला वाटले तर मी तुम्हाला दोष देणार नाही, कारण मलाही बहुतेक वेळा तसेच वाटते. शिवाय मला बोलण्याची सवय नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाशी गेलो, पण माझे तोंड कधी उघडले नाही. आज थकल्या आवाजात जे जमेल ते सांगतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पोलादाच्या एका पातळ पत्र्यातून झाला. वरून मोठा ठोकळा धाडकन आदळला आणि आम्ही भावंडे एका रांगेत खाली पडलो. मग कुणीतरी आमच्या कडा घासल्या, अंगाला चकाकी आणली आणि सहा-सहा जणांना खोक्यात निजवले. माझ्या दांड्यावर तेव्हा बारीक फुलांची नक्षी होती. आता बोट फिरवले तर जेमतेम लागते.

आमचे खोके एका लग्नात आहेर म्हणून गेले. नवरदेव पुस्तके बांधण्याचे काम करी. पुढे सगळे त्याला काका म्हणू लागले आणि त्याच्या बायकोला काकू. एके दिवशी मी काकांच्या जेवणाच्या डब्याबरोबर त्यांच्या कारखान्यात गेलो आणि संध्याकाळी परत न्यायचा राहून गेलो. राहून गेलेली वस्तू हळूहळू तिथलीच होते. पाच भाऊ घरी राहिले, मी इथला झालो.

कारखाना कसला, खाली दोन खोल्या आणि वर कागद ठेवायला एक माळा. सगळीकडे खळीचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. काका पुस्तकांना पुठ्ठे चढवत. काकू खिडकीशी बसून फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या कागदांचे गठ्ठे, शिवत. कागद कापायचे यंत्र एक उंच, बडबड्या गडी चालवी, त्याला सगळे लांब्या म्हणत. आणि छापून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालायला मावशी होत्या. नात्याने कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण वीस वर्षे एकाच टेबलाशी बसलेल्या माणसाला दुसरे काय म्हणायचे?

मावशींच्या घडीचे मला फार कौतुक होते. कागद उलटायचा, कोपऱ्याला कोपरा लावायचा, हाडाच्या पट्टीने एकदाच दाबायचे. दिवसाला हजारो घड्या, पण एकही तिरकी नाही. त्यांचे हात नेहमी कोरडे असत. काका नव्या माणसाला सांगत, "घडीवाल्याचा हात ओला झाला की कागद गेलाच. मावशींचे हात बघा, उन्हाळ्यातसुद्धा कोरडे ठणठणीत."

माझे काम म्हणाल तर खायचा सोडा ढवळण्याचे. काकांना जेवणानंतर छातीत जळजळे. घाईघाईने जेवायचे आणि लगेच वाकून पुठ्ठे दाबायचे, मग दुसरे काय होणार? पेल्यात पाणी, त्यात माझ्या तोंडभर सोडा. पाणी फसफसे, काका गटागटा पीत, मोठी ढेकर येई आणि ते म्हणत, "हा चमचा म्हणजे माझा डॉक्टर!"

मित्रांनो, मी साधा चमचा. कुणी डॉक्टर म्हटले की मलाही बरे वाटे. तिथेच माझे चुकायला सुरुवात झाली असावी.

एकदा मात्र काकांना नेहमीपेक्षा फार जास्त त्रास झाला. पोटाच्या वरच्या टोकापासून गळ्यापर्यंत आग आग. तोंडात आंबट पाणी. काका घाबरले, छाती धरून खाली बसले. काकूंनी अँब्युलन्स बोलावली. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवले, छातीला तारा लावून आलेख काढला, रक्त तपासले. हृदय ठणठणीत निघाले. जठराच्या तोंडाशी एक झडप असते, ती सैल झाली होती. त्यामुळे पोटातले आम्ल अन्ननलिकेत वर चढत होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, थोडे थोडे खा, जेवून लगेच वाकू नका, आडवे होऊ नका, निजताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा.

दुसऱ्या दिवशी काका कारखान्यात आले, तेव्हा लांब्या दारातच उभा होता.

"या या काका! काय म्हणतेय ढेकर? सुखरूप प्रसूत झाली ना?"

काकू हसल्या. मावशी तर कागदात तोंड लपवून हसल्या. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते मला जवळून दिसत होते.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आलात ते बरं केलंत," काका पुटपुटले. "म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर पुन्हा या."

"पुन्हा गेलात तर बँडच लावू," लांब्या म्हणाला.

त्या हशात डॉक्टरीणबाईंचे वाक्य वाहून गेले. थट्टा मात्र टिकली. वर्ष झाले, दोन झाली, तरी कुणाला उचकी लागली की लांब्या ओरडे, "अरे, अँब्युलन्स!" आणि कारखान्यात एक रीत पडली. छातीत काही झाले की आधी सोडा. ढेकर आली म्हणजे गॅस. ढेकर आली की कामाला लागायचे. ही परीक्षा घेणारा मी. मला किती मान मिळाला म्हणून सांगू! सोड्याच्या डब्याचे झाकण उचकटताना माझी मान वाकली, सोड्याने अंगावर पांढरे डाग पडले, तरी मी मिरवत होतो.

आता ती सकाळ सांगतो. इथे माझा आवाज लागत नाही, तरी सांगतो.

एका शाळेच्या पुस्तकांचे मोठे काम होते, संध्याकाळी न्यायला गाडी येणार होती. मावशी आठवडाभर दमल्या दमल्या म्हणत होत्या. माळ्याच्या जिन्यावर दोनदा मध्येच बसल्या होत्या. त्या सकाळी त्या कागदाचा गठ्ठा घेऊन खाली आल्या आणि स्टुलावर टेकल्या. चेहरा खळीसारखा पांढरट दिसत होता.

"काय हो मावशी?" काकूंनी विचारले.

"काही नाही गं. छातीत भरून आल्यासारखं झालंय. जळजळ पण नाही धड, कुणी बसल्यासारखं वाटतंय. आणि हा जबडा दुखतोय मेला. दाढ असेल."

"गॅस!" लांब्या यंत्राजवळून ओरडला. "दाढेचं नंतर बघू. आधी चमचा."

मी पाण्यात फिरलो. पाणी फसफसले. मावशी प्यायल्या आणि घटकाभरात त्यांना ढेकर आली. चांगली मोठी. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

"बघा! गेला गॅस," लांब्या म्हणाला.

"हो बाई, जरा हलकं वाटतंय," मावशी म्हणाल्या आणि घड्या घालू लागल्या.

काका मात्र त्यांच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी मावशींनी घातलेली एक घडी उचलली. कागदावर बोटांचे ओले ठसे होते. काकांनी तो कागद उजेडात धरला, मावशींच्या कपाळाकडे पाहिले, फोनकडे पाहिले. मग लांब्याकडे पाहिले आणि कागद हळूच खाली ठेवला.

मित्रांनो, मी डब्यात उभा होतो. मला सगळे दिसत होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो का? खरे सांगतो, माहीत नाही. ढेकर आली होती. मलाही वाटत होते की माझा निकाल बरोबर आहे.

दोन तास गेले. मावशींनी पुन्हा सोडा मागितला. पुन्हा ढेकर आली. पण आता त्यांचे पदराने घाम पुसणे थांबत नव्हते. डावा हात त्यांनी मांडीवर तसाच टाकला होता आणि एका हाताने कागद दुमडायला बघत होत्या. ती घडी तिरकी पडली. वीस वर्षांत पहिली.

काका उठले आणि फोनपाशी गेले.

"काका, आता मावशींच्या ढेकरेलाही अँब्युलन्स का?" लांब्या हसत म्हणाला.

"हो," काका म्हणाले. "तू हस. पोटभर हस. मी बोलावतोय."

"अहो भाऊजी, कशाला उगाच?" मावशी म्हणाल्या. "गाडी यायचीय संध्याकाळी. लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते मला म्हणतील. मला सवय आहे. तुम्ही आता उठायचं नाही, की कागदाला हात लावायचा नाही."

लांब्याचे हसणे तिथेच थांबले. त्याने यंत्र बंद केले. फोनवरच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे काकूंनी मावशींना भिंतीला टेकवून बसवले. अँब्युलन्स आली, मावशींना घेऊन गेली, आणि टेबलावर ती तिरकी घडी तशीच पडून राहिली. त्या दिवशी शाळेचे काम पुरे झाले नाही. कुणी त्याबद्दल बोललेही नाही.

दवाखान्यात काय झाले ते काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. हृदयाला रक्त नेणारी एक नळी तुंबली होती. डॉक्टरांनी ती उघडली, मावशी वाचल्या. पण मधल्या वेळात हृदयाचा जो भाग रक्तावाचून राहिला, त्यातला काही कायमचा गेला. काकांनी सोड्याची परीक्षा सांगितली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "सोडा पोटात गेला की आतल्या आम्लाशी मिळून हवा होतेच. ठणठणीत माणसालाही ढेकर येईल आणि हृदयाचा झटका आलेल्यालाही येईल. त्यावरून काय कळणार?"

त्यांनी आणखी सांगितले, ते मी जसे ऐकले तसे तुम्हाला सांगतो. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, म्हणून दोन्ही दुखणी एकाच जागी वाटतात. जेवणानंतर, वाकल्यावर, आडवे झाल्यावर आंबट पाणी वर येऊन जळत असेल तर बहुधा आम्ल. श्रम केल्यावर छाती दाबल्यासारखी वाटणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, हात, पाठ किंवा जबडा दुखणे, ही हृदयाची हाक असू शकते. बायकांत तर कधी छाती फारशी दुखतही नाही, नुसता थकवाच जास्त जाणवतो. "पण हे 'बहुधा' घरी बसून कुणी ठरवू नका," त्या म्हणाल्या. "आम्हालाही आलेख काढल्याशिवाय कळत नाही."

काका बोलत असताना लांब्या खाली मान घालून पात्याला तेल देत होता. त्या दिवशी त्याने तीनदा तेल दिले.

माझी सत्ता तिथेच संपली. काकूंनी मला धुऊन फडताळात टाकले. सोड्याचा डबाही गेला. मला वाईट वाटले नाही. खरे तर निकाल देण्याच्या कामातून सुटलो, याचे बरेच वाटले.

दोन महिन्यांनी मावशी परत आल्या. आता त्या दुपारपर्यंतच बसतात. जिना चढत नाहीत, गठ्ठे लांब्या आणून देतो, तोही न बोलता. शंभर घड्या झाल्या की त्या हात थांबवून श्वास घेतात. अशाच एकदा थांबल्या असताना त्यांनी काकांना विचारले. रागावून नव्हे, सहज विचारावे तसे.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही माझा कागद उचलून बघितलात ना? मी बघत होते. तेव्हाच का नाही हो फोन केलात?"

काकांनी खळीचा ब्रश खाली ठेवला.

"तुम्ही सगळे हसाल म्हणून," ते म्हणाले.

मावशींनी मान हलवली. "हसलोच असतो," त्या म्हणाल्या, आणि पुढचा कागद ओढला.

मित्रांनो, उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. मी फार माणसांना खोटा धीर दिला आहे. पण एवढे ऐका. छातीत काही वेगळे वाटले तर माझ्यासारख्याला विचारत बसू नका, दवाखाना गाठा. आणि तुमच्या घरातले कुणी तिथे जाऊन 'काही नाही, नुसते आम्ल होते' असे सांगत परत आले, तर त्याला पाणी द्या, बसायला जागा द्या. त्याच्यावर हसू नका.