डब्यातली काळी बटणं

बसा हो. मशीनचा पट्टा मागायला आलात ना, देतो, पट्टा काही पळून जात नाही. आधी माझ्या भाचीची गोष्ट ऐका. तुमच्या बॅगांच्या कारखान्यातही बाया दिवसभर माना घालून शिवतात, तेव्हा गोष्ट तुमच्याही कामाची आहे. कंटाळा आला तर सांगा. मी थांबणार नाही, ते वेगळं.

तर आमची चिंधी. नाव चांगलं ठेवलंय तिचं, पण लहानपणी ती त्या कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात झोपायची. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, इथंच खिडकीपाशी मशीनवर बसायची. आमच्या सगळ्या बायांनी हिला मांडीवर खेळवलंय. मग चांगल्या नावानं हाक मारतंय कोण? आता मोठ्या कॉलेजात मोठं शिकते, तरी चिंधी ती चिंधीच.

तिथं शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो. मला वाटलं, चार पुस्तकं वाचायची आणि पाचवं लिहायचं. तर तसं नाही म्हणे. हिच्या विषयात खऱ्या जागेवर जायचं, माणसांची खरी अडचण धरायची, तिच्यावर उपाय करून बघायचा आणि फरक पडला की नाही ते दाखवायचं. हे सगळं कसं करणार त्याचा आराखडा आधी तिघा जाणत्यांपुढे मांडायचा. त्यांनी मान डोलावली तरच पुढं. मी म्हटलं, बरोबरच आहे, आम्हीही माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही.

हिनं अडचण धरली मानेची. माझ्या बहिणीला मागून हाक मारली तर बिचारी आख्खीच्या आख्खी वळते, नुसती मान वळतच नाही. उभा जन्म मशीनवर वाकून गेला तिचा. चिंधीचं म्हणणं असं, की मशीनची टेबलं चार बोटं उंच केली तर बाकीच्या मावश्यांच्या माना तरी वाचतील का, ते बघू. प्रबंधावर देखरेख करणाऱ्या तिच्या मॅडमना कल्पना आवडली. पण बाई कडक. म्हणाल्या, आराखडा कच्चा निघाला तर हे सोडायचं. माझ्याकडे एका मोठ्या गिरणीचे आकडे तयार आहेत, त्यावर मुकाट्यानं लिहायचं.

चिंधी घरी आली ती तोंड एवढंसं करून. जेवताना घास तसाच हातात धरून म्हणाली, "मामा, मला नकोत गिरणीचे आकडे. मला आईच्या मानेचंच करायचंय." माझी बहीण समोरच बसली होती. तिनं भाजी पुन्हा हिच्याच ताटात वाढली.

मग आराखड्याच्या आधी इथंच थोडक्यात करून बघायचं ठरलं. खिडकीकडच्या रांगेला टेबलाखाली लाकडी ठोकळे घातले. भिंतीकडची रांग होती तशीच ठेवली. थोडे दिवस जाऊ द्यायचे, मग दोन्ही रांगांना विचारायचं, मान किती दुखते. फरक दिसला तर तो ठोकळ्यांचा. सरळ हिशोब.

पण आमच्याकडे काजवाली मावशी आहे ना. काजं-बटणं तिच्याकडे, आणि सगळ्यांची अक्कलही तिच्याकडेच. तिनं जेवणाच्या सुट्टीत बायांना गोळा केलं आणि बजावलं, पोरीची परीक्षा आहे, जी दुखतं म्हणेल ती तिला नापास करेल. मला ह्यातलं ओ की ठो माहीत नाही.

विचारायचा दिवस आला. खिडकीची रांग म्हणाली, छान वाटतं, अगदी हलकं. चिंधी खूश. मग भिंतीकडे वळली. त्याही म्हणाल्या, आम्हालाही छान वाटतं. एक तर म्हणाली, मान सोड गं, माझा गुडघासुद्धा दुखायचा राहिला. आणि त्या रांगेला तर कुणी हातही लावला नव्हता!

पोरगी कपाळाला हात लावून टेबलाखाली जाऊन बसली. तीच जुनी जागा. काजवाली मला हळूच म्हणते, बघा, आनंदानं भरून आलं लेकराला. तेवढ्यात खालून आवाज आला, "मावशी, तुम्ही सगळ्यांनी मिळून नापास केलंत मला."

मशीनं थांबली. काजवालीचा चेहरा असा उतरला, की इस्त्री फिरवली तरी सरळ होणार नाही. ती कंबर धरत खाली वाकली. "अगं, मग दुखतं म्हणायचं होतं होय? दुखतंच की."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला कसं सांगायचं? तू काय परकी आहेस?"

चिंधी ताडकन उठली. टेबलाला डोकं आपटलं, ते चोळतच बाहेर आली, पण हसत होती. म्हणाली, तुमचं चुकलं नाही मावशी, माझं विचारणं चुकलं. मायेच्या माणसाला तोंडावर खरं कोण सांगेल?

तिनं आराखडा सगळा उसवला आणि पुन्हा बेतला. ठोकळे काढले. रांगा मोडल्या. एका बंद डब्याला वरून चीर पाडली आणि आडोशाला ठेवला. काम सुटताना एकेकीनं जायचं, मान दुखली असेल तर काळं बटण टाकायचं, नसेल तर पांढरं. नाव नाही, गाव नाही. थोडे दिवस जुन्या टेबलांवर, मग सगळ्यांनाच ठोकळे आणि पुन्हा डबा. आधीचं आणि नंतरचं ताडून बघायचं. स्वतः बाहेर जाऊन उभी राहायची, आणि मलाही हाकलायची. मी माझ्याच दारात पाहुण्यासारखा उभा.

पहिल्या खेपेचा डबा तिनं माझ्यासमोर ह्याच टेबलावर ओतला. काळाच काळा ढीग, त्यात पांढरी शोधावी लागत होती. अहो, मी रोज सकाळी विचारतो ह्यांना, काय, ठीक ना सगळं? सगळ्या म्हणतात, ठीक, दादा. मी बराच वेळ नुसता ती बटणं चिवडत बसलो. चिंधीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

ठोकळे घातल्यावरच्या डब्यात पांढरी वाढली. फार नाहीत, पण वाढली. मी म्हटलं, एवढीशीच? तर म्हणते, मामा, थोडी आहेत, पण खरी आहेत.

त्या तिघांपुढे तिनं काहीही लपवलं नाही, बरा झालेला गुडघासुद्धा सांगितला. त्यातले म्हातारे सर हसून हसून चष्मा पुसायला लागले म्हणे. आराखडा पास झाला. गिरणीचे आकडे गेले बाजूला. पण मॅडमनी एक अट घातली. मामाच्या कारखान्यावर सगळी मदार नको. आणखी एक जागा बघ, जिथं तुझी एकही मावशी नाही.

आता कळलं, पट्टा का अडवून धरलाय? हा घ्या. नवाच आहे, परतही आणू नका. फक्त पोरीला तुमच्या कारखान्यात येऊ द्या. ठोकळे मी पाठवतो, बटणं काजवाली देईल. आणि ती माझी भाची आहे, हे तुमच्या बायांना काही केल्या कळू देऊ नका. आली की कोण कुठली म्हणून लांब बसवा, आणि चहासुद्धा आपणहून विचारू नका.