माझ्या सतरा वर्षांवर दुसऱ्याचं नाव

मी एक डिस्चार्ज बुक. सैनिक लष्करातून निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हातात जे लहानसं पुस्तक देतात, ते. पुढचं बोलण्याआधी एक कबूल करून टाकतो. माझा स्वभाव जळका आहे. मी जे सांगेन ते एका मत्सरी जिवाचं बोलणं आहे, असं समजूनच ऐका.

सिकंदराबादच्या एका कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी पानं भरली गेली. हवालदार मयंक पायगुडे, राहणार नागरवाडा, बडोदे. भरती एकोणिसाव्या वर्षी. डाव्या भुवईवर जखमेची खूण. काम, डिझेल जनरेटरची दुरुस्ती. शेवटची तीन वर्षं लेहला, हाताखाली अकरा माणसं. वर्तणूक, अनुकरणीय. कारकुनाने गोल शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत मयंक टेबलापाशी तसाच उभा राहिला. माझं वय तेव्हा दोन तासांचं, पण पोटात सतरा वर्षं होती.

घरी आलो तर थाटच वेगळा. मयंकची आई कमळाबाई यांनी मला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. पायगुड्यांचे खापरपणजोबा गायकवाडांच्या पागेत होते, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. आता त्या गोष्टीच्या शेपटाला मी लागलो. मयंकची बायको मिताली शाळेत गणित शिकवते. तिने मला नीट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, ‘‘आता इथेच नोकरी बघ. लांब नको.’’

मग आम्ही दोघं नोकरी शोधायला निघालो. मयंक मला इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि मुलाखतीत सगळ्यांत आधी टेबलावर मांडायचा. मला फार बरं वाटायचं. पण चारही ठिकाणी एकच झालं. समोरचा माणूस माझं पहिलं पान बघायचा, आदराने मान हलवायचा आणि म्हणायचा, गेटवर सिक्युरिटीची जागा आहे, तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस मिळाला तर सोनंच. मयंक सांगायचा, मी बंदुकीपेक्षा पाना जास्त धरलाय, मी मेकॅनिक आहे. एकाने विचारलं, तुम्हाला राग लवकर येतो का? दुसरा म्हणाला, तुम्हाला पेन्शन आहे, मग एवढी धावपळ कशाला? चौथ्या ठिकाणाहून परत आलो त्या दिवशी मयंकने मला खिशातून काढलं आणि मितालीच्या साड्यांच्या कप्प्यात, अगदी मागे सरकवून दिलं.

तिथेच माझ्या मत्सराला तोंड फुटलं.

मयंकचा बालमित्र हार्दिक याचं छाणी रोडला गॅरेज आहे. तो घरी आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मयंकभाई, एमां शुं? त्यात काय मोठंसं? लेटरहेड माझं, सही माझी. सतरा वर्षं तू माझ्या बापूजींकडे काम केलंस. पूछे कोण?’’ दुसऱ्याच दिवशी एक गुळगुळीत कागद घरात आला. अनुभवाचा दाखला. मयंकने त्याला प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. मला कधी पाकीट मिळालं नव्हतं.

मिताली नको म्हणाली होती. सैन्यातलं सांगायचं नसेल तर सांगू नकोस, पण न घडलेलं लिहू नकोस, असं तिचं म्हणणं. मयंक म्हणाला, सतरा वर्षांचं भगदाड ठेवून कोण मला आत घेईल?

महिन्याभरात वाघोडियाच्या एका कारखान्यात त्याला देखभाल विभागात नोकरी लागली. पेढे वाटले गेले. मी कपाटात होतो. माझं लेह, माझे उणे वीस अंशात गोठलेले जनरेटर, माझी अकरा माणसं, सगळं त्या कागदाने गिळलं आणि वर ढेकर दिली. रोज सकाळी मयंक कपाट उघडायचा तेव्हा त्याच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र मला दिसायचं. त्याचाही मला हेवा वाटायचा. मी मनाशी म्हणायचो, कधीतरी हे उघडं पडू दे. त्या कागदाचं थोबाड फुटू दे.

कमळाबाईंना ताकीद होती, बाहेर काही बोलायचं नाही. एकदा भजनाहून आल्यावर त्यांनी कपाट उघडलं, मला पदराने पुसलं आणि तशाच उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं होतं, मुलगा आधी काय करायचा? त्या म्हणाल्या होत्या, गॅरेजमधे होता.

दोन वर्षं अशी गेली. मग कारखान्यात अनीश राणे आला.

अनीश मयंकहून चार वर्षांनी लहान, लष्कराच्या संदेशवहन विभागातून निवृत्त झालेला. त्याने त्याचं डिस्चार्ज बुक उघडपणे दाखवलं होतं. आणि या वेळी मनुष्यबळ विभागात निरुपमा मॅडम नव्याने आल्या होत्या. त्यांनी त्याला गेटवर नाही, थेट देखभाल विभागात घेतलं. पंधरा ऑगस्टला झेंडा त्याच्या हातून फडकला. सहा महिन्यांनी सुपरवायझरची जागा निघाली. मयंकनेही अर्ज केला होता. पण त्याच्या दाखल्यात माणसं सांभाळल्याचा अनुभव कुठे होता? हार्दिकच्या बापूजींकडे तो नुसता मेकॅनिक होता. जागा अनीशला मिळाली.

त्या संध्याकाळी मयंक कपाटाला पाठ टेकून बसला आणि मितालीला सांगत राहिला. अनीशला इंजिनातलं काही कळत नाही. अनीश मिशीवर जगतो. अनीश सारखा ‘आमच्या युनिटमधे’ म्हणतो. मिताली वह्या तपासत होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘तो तुझंच खातोय असं तुला वाटतंय. पण तू ते ताटात वाढूनच घेतलं नव्हतंस.’’

मी साड्यांमागून सगळं ऐकत होतो. जे मला त्या कागदाबद्दल वाटत होतं, तेच याला अनीशबद्दल वाटत होतं. आणि मला तर त्या दुसऱ्या पुस्तकाचाही हेवा वाटत होता, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. निरुपमा मॅडमच्या टेबलावर उघडं पडलेलं, उजेडात.

मग जनरेटरचा तो दिवस आला; मयंकने मितालीला सांगितला तसा मी कपाटातून ऐकला. वीज गेली होती आणि कारखान्याचा मोठा जनरेटर सुरू होऊन लगेच बंद पडत होता. बडे साहेब येऊन उभे होते. अनीश घामाघूम होऊन एकेक भाग तपासत होता. मयंक दहा फुटांवर होता. इंजिन दोन वेळा खोकलं तेवढ्यावरून त्याने ओळखलं, इंधनाच्या नळीत हवा शिरली आहे. दहा मिनिटांचं काम. पण तो हात बांधून उभा राहिला. बाहेरून माणूस येईपर्यंत चार तास काम थांबलं, आणि साहेब सगळ्यांसमोर अनीशला बोलले.

घरी आल्यावर मयंक जेवला नाही. ‘‘लेहमधे मी असं केलं असतं तर,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्याच माणसांनी मला वर्कशॉपात उभं केलं नसतं.’’

त्या रविवारी दुपारी अनीश घरी आला. पत्ता कुणाला तरी विचारून आला होता. चहा झाला. कमळाबाईंनी खाकरे पुढे ठेवले आणि त्या आत गेल्या. मग अनीश सरळच म्हणाला, ‘‘दादा, तुम्ही कुठल्या युनिटला होता?’’

मयंकने खाकऱ्यांची बशी त्याच्याकडे सरकवली.

‘‘पहिल्याच आठवड्यात ओळखलं मी. जॉब कार्डावर तुम्ही दुपारचे अडीच असं लिहीत नाही, चौदा तीस लिहिता. म्हटलं, नसेल सांगायचं. तुमची मर्जी.’’ मग तो थोडं थांबून म्हणाला, ‘‘खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटायचा. तुम्ही पाना उचलला की लोक तुमचे हात बघतात. मी काहीही केलं तरी फौजीने केलं. चुकलो तरी फौजी चुकला. सरहद्दीच्या गोष्टी सांग म्हणतात. मी पंधरा वर्षं केबल जोडल्यात.’’

मयंक खाली बघत म्हणाला, ‘‘त्या दिवशी बिघाड काय होता, मला माहीत होतं.’’

अनीशने कप बशीत ठेवला. उठताना अनीश म्हणाला, ‘‘सोमवारी दाखवा मला. पुन्हा झालं तर मला जमायला हवं.’’ दारापर्यंत गेला आणि मागे वळून न बघता जिना उतरला.

सोमवारी मयंकने आधी त्याला ते काम शिकवलं. मग मला घेऊन तो निरुपमा मॅडमकडे गेला. त्याने मला टेबलावर ठेवलं आणि शेजारी पाकिटातून काढलेला तो कागद. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं अंगाला अंग लावून होतो.

मॅडमनी दोन्ही वाचलं. मला वाचायला त्यांना वेळ लागला. ‘‘सैन्यात होता हे लपवलंत ते मी समजू शकते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या अर्जात तसा प्रश्न नव्हता. ‘कुठे काम केलं’ ही जागा कोरी ठेवून नुसतं जनरेटर दुरुस्ती, सतरा वर्षं, एवढं लिहिलं असतंत तरी खोटं नव्हतं. पण हा कागद मी कुठे ठेवू?’’

मयंकने चार मुलाखतींचं सांगितलं. मॅडम खिडकीतून गेटकडे बघत राहिल्या. तिथे त्यांचेही दोन निवृत्त जवान उभे होते. मग त्यांनी राजीनामा लिहून द्यायला सांगितलं. तक्रार करणार नाही म्हणाल्या, पण ठेवून घेता येणार नाही.

मी ज्याची वाट बघत होतो ते झालं. कागदाचं थोबाड फुटलं. पण तो एकटा नाही गेला, जाताना मयंकची नोकरी घेऊन गेला. परतीच्या वाटेवर बसमधे मयंकने मला खिशात नाही, मुठीत धरलं होतं. मला माझी लाज वाटली. मी कुणाचं वाईट चिंतत होतो, याचा मी नीट हिशेबच केला नव्हता.

घरी मिताली रागावली नाही. तिने नवा अर्ज पुढे ठेवला. कोयलीला जनरेटर सांभाळणारा एक ठेकेदार होता, त्याचा. ‘कुठे काम केलं’ या रकान्यात मयंकने लिहिलं, भारतीय सेना. आणि ‘काय काम केलं’ या रकान्यात त्याने वहीची दोन पानं जोडली. कुठला जनरेटर, किती उंचीवर, काय बिघाड, कसा काढला. वाघोडियाची अडीच वर्षंही लिहिली, आणि ती नोकरी का गेली तेही.

मुलाखतीला मी होतो, त्याच्या मांडीवर. ठेकेदार म्हातारे गृहस्थ. त्यांनी ती दोन पानं चष्मा पुसून वाचली. वाघोडियाच्या ओळीवर थांबले, मयंककडे पाहिलं आणि पुढे गेले. तासभर दोघं थंडीत डिझेल कसं घट्ट होतं यावर बोलत होते. शेवटी म्हणाले, सहा महिने बघू, पगार आधीपेक्षा कमी असेल. मयंक हो म्हणाला. मला त्यांनी उघडून पाहिलंच नाही.

खोटं कशाला बोलू, लागलं मला. अजूनही लागतं. वहीच्या त्या दोन पानांचा मला हेवा वाटतो. पण ती माझ्याच पोटातली आहेत, म्हणून गिळून घेतो.

आता मी मितालीच्या शाळेच्या कागदांबरोबर टेबलाच्या खणात असतो. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं पुस्तक असेल तर ते दाखवा किंवा दाखवू नका, तो तुमचा अधिकार. आम्हाला मागे सरकवलंत तर आम्ही कुढू, जळू, पण गप्प राहू. फक्त आमची वर्षं दुसऱ्या कुणाच्या नावावर लावू नका. ती तुम्ही जगला आहात, दुसऱ्याला ती सांभाळता येत नाहीत.