हरभऱ्याची राखण

मंठ्याजवळच्या तलावाचं पाणी दिवाळीनंतर ओसरलं, की उघड्या पडलेल्या गाळात पुंजाराम हरभरा पेरायचा. १९९४ साली खालच्या अंगाचा हरभरा उगवलाच नाही. तिथं लाल, लांब पायांचे शेकाटे आणि बारकी तुतारी पाखरं दिवसभर चोची मारताना दिसायची. बियाणं तीच खातात, असं ठरवून त्यानं गावातल्या मजूर झुंबरबाईला राखणीला बसवलं. गुडघ्यांमुळं तिला कापूस वेचणं होत नव्हतं. बसून करायचं काम मिळालं म्हणून ती खूश होती.

दोन दिवस तिनं डबा बडवून पाखरं उठवली. ती उठायची, तलावावरून एक फेरी मारून पुन्हा तिथंच उतरायची. तिसऱ्या दिवशी हात भरून आले, तशी ती नुसती बघत बसली. शेकाटे उथळ पाण्यात सावकाश चालत, वरच्यावर काहीतरी टिपत होते. तुतारी पाखरं चिखलात भराभर चोच खुपसत पुढं सरकत होती. ती पुढं गेल्यावर झुंबरबाईनं तिथला चिखल बोटानं उकरला. आत दोऱ्यासारख्या बारीक, लाल अळ्या वळवळत होत्या. शेजारीच हरभऱ्याचा दाणा होता. अख्खा, पण दाबला तर पिचपिचीत, आंबूस वासाचा.

दुपारची भाकरी तिला गोड लागली नाही. खरं सांगितलं तर राखण संपणार होती. तरी पुंजाराम आल्यावर ती म्हणाली, "भाऊ, पाखरं दाणे खाऊन न्हाई राह्यली. चिखलातल्या अळ्या खातेत."

"मावशी, तुम्हाला पाखरं हाकायला बसवलं, का त्यांचं ताट बघायला?"

"दाणा जागेवरच सडलाय. पेरायची जल्दी झाली तुमची. वाफसा आल्ता कुठं? चिखल वलाच होता."

पुंजारामचा चेहरा उतरला. त्यानं स्वतः चार-पाच ठिकाणी उकरून पाहिलं, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "बराबर हाय."

"मंग राखणीचं काम न्हाई राह्यलं," तीच म्हणाली.

"आठ दिवसांनी या. बसून बियाणं निवडून द्या."

दुसऱ्या खेपेचा हरभरा उशिरा आला, पण दाट आला. पहिलं बियाणंच खराब निघालं, असं पुंजाराम गावात सांगत होता. झुंबरबाईनं ते पारावर ऐकलं आणि पदर सावरून पुढं निघून गेली.