केवळाबाईचे एक्कावन्न टाके

मी शेषेरावांच्या डब्याची पिशवी बोलतेय. लातूरला, डाळमिलच्या मागं, दोन खोल्यांच्या घरात मी खिळ्याला लटकून असते.

केवळाबाईनं मला जुन्या सतरंजीतून शिवलं. आत एक चोरकप्पा ठेवला. शेषेरावांना कधीमधी फिट येते. त्यावरच्या गोळ्या अन् डॉक्टरची चिठ्ठी त्यात असायची. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

केवळाबाईला लिहिता येत नाही. म्हणून रोज सकाळी डबा ठेवण्याआधी ती माझ्या काठाला लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. नवऱ्याचा एक दिवस, एक टाका. पगार झाला की सगळे उसवायची.

यंदा दोन महिने टाके उसवलेच नाहीत.

शेषेराव त्याच डाळमिलमध्ये कामाला. सुटताना फाटकावर रोज झडती व्हायची, पण वरूनच चाचपायचे. त्या दिवशी मिलच्या मुनीमानं मला उलटंच केलं. डाळीचा दाणा निघाला नाही, चिठ्ठी निघाली. त्यानं ती सगळ्यांसमोर वाचली.

"फिट येती व्हय शेषेराव? अन् मशीनीपाशी काम करता?"

"मशीनीपाशी न्हाई. बाहेर बसून पोती शिवतो," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काम सुटलं. पगार मागितला, तर मुनीम म्हणाला, तीसच दिवस भरलेत.

कामगार कार्यालयात शेषेरावांनी माझं तोंड मुठीत घट्ट धरलं होतं. "मॅडम, चिठ्ठी दाखवावी लागंल का?"

"आजार तुमचा हाय काका, तुमच्यापाशीच ठेवा. दिवस सांगा."

"त्रेपन्न."

केवळाबाईनं मला पुढं केलं. मॅडमनी बोटानं टाके मोजले. "हे तर एक्कावन्नच हाईत."

"मधी दोन अवसा आल्या. अवसेला आमच्यात सुई धरत न्हाईत. हे मात्र कामाला गेलते."

"माझी आई बी धरत न्हाई," मॅडम हसल्या. त्यांनी अर्जात त्रेपन्न लिहिले अन् फाटकावरच्या वॉचमनची वही मागवली. तिच्यातही त्रेपन्नच निघाले.

पैसे मिळाले. केवळाबाईनं टाके उसवले.

पण चारचौघांत वाचलेलं उसवता येत नाही. शेषेराव आणखी तीन मिलींच्या फाटकावर जाऊन आले. त्यांच्या आधी त्यांचा आजार तिथं पोचला होता. आता ते घरीच बसतात, फार बोलत नाहीत. माझ्यातला लोणच्याचा वासही उडत चाललाय.

बाबांनो, कुणाच्याही पिशवीत हात घालण्याआधी एकदा विचारत जा.

केवळाबाईनं सुईत नवा लाल दोरा ओवून माझ्या काठाला खोचून ठेवलाय. रोज सकाळी ती येते, सुई गंजली नाही ना बघते, अन् परत खोचते.