डावा पाय, दुसरी पायरी

मी एक जुना पाय आहे. डावा.

हसू नका, मित्रांनो. मोडकी खुर्ची बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, तेव्हा तुम्ही मान वाकडी करून ऐकता. मग पायालाच तोंड नसावं, असं का? गुडघ्याखाली माणसाला जेवढं असतं तेवढा सगळा मी आहे. वर उरलेला पाय बसवायची वाटी, मधे हलक्या लाकडाची नडगी, घोट्यात एक बोल्ट, खाली रबराचं पाऊल. पावलाला पाच बोटंही कोरलेली आहेत. ती कुणी पाहिलेली नाहीत. मी जन्मापासून बुटात आहे.

ज्याच्या जागी मी आलो तो खरा पाय सीमेवर राहिला, एवढंच मी ऐकून आहे. आमची भेट झाली नाही. झाली असती तर दोघांनाही अवघड गेलं असतं.

जन्म.

पाय बनवणाऱ्या मिस्त्रींच्या कारखान्यात एक नियम होता : आधी बूट, मग पाय. माझा माणूस पहिल्यांदा बायकोबरोबर कुबड्यांवर आला, तेव्हा मिस्त्रींनी नावसुद्धा विचारलं नाही.

"बूट कुठायत?"

"पायच नाही, तर बूट कशाला आणू?"

"अहो हवालदार, टाच किती उंच ते कळल्याशिवाय घोटा कसा बसवू? पाय बुटावर बेततात. उद्या वेगळ्या टाचेचा बूट घातलात, तर तोंडावर पडाल. लग्न एकीशी आणि टाच एका उंचीची. जा, रोज घालणार ते घेऊन या."

मग ते त्याच्या बायकोकडे वळले. "वहिनी, हे आधी चालायचे कसे?"

"कसे म्हणजे? घाईत."

"सांगू नका. चालून दाखवा."

ती लाजली. मग कारखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे चालत निघाली. डावा खांदा जरा खाली, टाच आधी आपटून, मान पुढे. इस्पितळातून सुटल्यापासून माझा माणूस पहिल्यांदा हसला. "मी असा चालतो? बदकासारखा?"

"चालायचात," ती म्हणाली आणि मधेच थांबली.

मिस्त्रींनी तिची टाच पडली होती तिथे खडूने खूण केली. त्या खुणेवरून मी झालो, मित्रांनो. एका बाईने केलेल्या नकलेवरून.

कामाची वर्षं.

ती चांगली होती. चांगल्या वर्षांबद्दल फार सांगता येत नाही. माझा माणूस एका गोदामाच्या फाटकावर उभा असे. आठ तास उभं राहण्याची नोकरी आणि त्यातले चार तास माझे. घरी लेक होती. ती चार वर्षांची झाल्यावर तिला कळलं की बाबांचा एक पाय रात्री पलंगाखाली झोपतो. तिने माझ्या नडगीवर एक मासा काढला. तो धुऊनही गेला नाही.

माझी स्तुती एकदाच झाली. बसमधे माझा माणूस अपंगांसाठी राखलेल्या जागेवर बसला होता. कंडक्टर ओरडला, "ओ धडधाकट! लाज वाटते का? उठा तिथून!" माझा माणूस उठला. अख्खा रस्ता दांडीला धरून उभा राहिला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "अगं, मला धडधाकट म्हणाला!" दोघांनी त्या कंडक्टरच्या नावाने गोड केलं.

माझं सगळं कसब दिसू न देण्यात होतं. तिथेच घात झाला.

घर.

ते राहत त्या दोन खोल्या सन्मान समितीच्या होत्या. सैनिकांच्या कुटुंबांना समिती खोल्या देई; आधी बिनमुदतीच्या, पुढे एकेका वर्षासाठी. वर्षातून एकदा सन्मान सोहळा व्हायचा. ज्याला मंचावर बोलावतील त्याला पुढच्या वर्षाचं पत्र तिथेच मिळे. ज्याला बोलावणार नाहीत त्याने सामान बांधायचं. मंचाला तीन पायऱ्या होत्या.

माझ्या माणसाला पहिलं बोलावणं आलं तेव्हा लेक आठ वर्षांची होती. तालीम ठेवली होती. तो तिन्ही पायऱ्या चढून गेला, वळला, सलाम केला. मी कुरकुरलोसुद्धा नाही.

"छान," समितीचे चिटणीस म्हणाले. "फारच छान. हीच अडचण आहे."

"कसली?"

"लोक लांबून येतात हो. त्यांना काही दिसायला नको? असं करा, पाय काढून या. आमची चार पोरं तुम्हाला खुर्चीसकट उचलतील."

"मी चालत येईन."

"यादीत तुमच्यामागे एक गृहस्थ आहेत. त्यांचे दोन्ही नाहीत."

"मग त्यांनाही घर द्या की," माझ्या माणसाची बायको म्हणाली. चिटणीसांनी ते ऐकलं नाही. कान त्यांचे चांगले होते.

शेवटी तडजोड झाली. पाय राहू दे, पण बूट आमचे. कुणा देणगीदाराने दिलेले, चकचकीत, दोन बोटं उंच टाचेचे. मिस्त्रींचं म्हणणं माझ्या माणसाला पाठ होतं. पण एका दिवसात दोनदा नाही म्हणायचं त्याला जमलं नाही. सैन्यात ती सवय लावत नाहीत.

दुसऱ्या पायरीवर तो पडला.

मित्रांनो, मी टाळ्या ऐकल्या आहेत. पण तशा नाहीत. सभागृह उभं राहिलं. बायका रडल्या, पुरुषांनी चष्मे पुसले. बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी सुरुवात केली. तिसऱ्या रांगेत एका मुलीने कार्यक्रमपत्रिकेने तोंड झाकून घेतलं होतं.

घरी जाताना ती म्हणाली, "बाबा, तू पडलास."

"बुटामुळे गं."

"पुढच्या वर्षी पडू नकोस. माझा सगळा वर्ग बघत होता."

"नाही पडणार. शब्द."

पुढच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका घेऊन चिटणीस स्वतः घरी आले. ती अशी होती :

१०.४० वीराचे आगमन
१०.४२ वीर पायऱ्या चढतात
१०.४३ वीर पडतात (दुसरी पायरी)
१०.४४ टाळ्या, बँड
१०.५० पत्रप्रदान

"गेल्या वर्षी तुम्ही जे केलंत ना, हवालदार—"

"मी काही केलं नाही. पडलो."

"तेच ते. अजून लोक विचारतात."

माझा माणूस पत्रिकेकडे बघत राहिला. त्याची बायको भिंतीकडे बघत राहिली. त्या भिंतीवर लेकीची उंची दरवर्षी पेन्सिलने मांडलेली होती. "ठीक आहे," तो म्हणाला.

पडण्याचा सराव.

रविवारी सकाळी जमिनीवर गादी अंथरायची. समोर स्टुलावर लेक. आधी ती दोन दिवस बोलली नव्हती. मग आईने तिला समजावलं, की बाबा पडले नाहीत तर घर जाईल. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शहाणी होतात आणि मग त्यांच्याकडे बघवत नाही.

"बाबा, हात आधी टेकवतोस. खोटं वाटतं."

धप्प.

"आता तोंड वेडंवाकडं केलंस. गेल्या वर्षी केलं नव्हतंस."

धप्प.

"हां, हे जरा बरं. परत."

माझा जन्म पडू न देण्यासाठी होता. आता मला दर रविवारी वीस वेळा दगा द्यायला लावत होते. घोट्यातला बोल्ट ढिला होत गेला. मी करकरू लागलो. त्यांनी तेल घातलं. पाय नेमका कशाने दुखतो ते पायाला विचारायची रीत नाही.

सोहळा.

बूट स्वतःचे, जुने, सपाट. पहिली पायरी.

दुसरी.

इथे पडायचं होतं. पडणारा माणूस वजन आधी मागे घेतो. इतके रविवार मी तेच शिकलो होतो. त्याने वजन मागे घेतलं नाही. मान वळवून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि सगळं वजन, सगळंच्या सगळं, माझ्यावर टाकलं. मला कळलं. घर गेलं तर गेलं, तो चालत जाणार होता. शब्द दिला होता ना.

तिसरी पायरी.

बोल्ट तुटला.

तो खरा पडला, मित्रांनो. हात आधी टेकवले नाहीत. तोंड मंचाच्या कडेवर आपटलं, दोन दात गेले. मी गुडघ्यापासून निसटून बुटासकट उलटा वळून त्याच्या शेजारी पडलो होतो. त्याने मान उचलून तिसऱ्या रांगेला काही सांगायचा प्रयत्न केला. टाळ्यांमधे ऐकू गेलं नाही. तिथे लेक खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. सगळ्यांत आधी तिनेच सुरुवात केली होती. "मस्त, बाबा! एकदम खरं!"

चिटणीस त्याला उठवायला वाकले आणि कानात म्हणाले, "दुसरी ठरली होती. पण हरकत नाही."

पत्र मिळालं. एका वर्षाचं.

मला मात्र त्यांनी परत दिलं नाही. समितीच्या दालनात काचेचं कपाट आहे, त्यात मला उभं केलं. माशावर पॉलिश मारलं. खाली पाटी लावली : 'शौर्य'. माझा माणूस पाय मंजूर करणाऱ्या सरकारी कचेरीत नवा मागायला गेला, तर तिथला नियम निघाला की जुना जमा करा, नवा घ्या. जुना मागायला समितीकडे आला, तर चिटणीस म्हणाले, "अहो, तो आता समाजाचा आहे." फाटकावरची नोकरी कुबड्यांवर होत नाही. ती गेली. आता त्याची बायको त्याच गोदामात गोण्या शिवते.

परवा एक शाळा मला बघायला आली होती. बाईंनी सांगितलं, "मुलांनो, हा एका शूर सैनिकाचा पाय. नमस्कार करा." सगळ्यांनी केला. एका मुलीने केला नाही.

"बाई, हा माझ्या बाबांचा आहे."

"हो बाळ, आम्हाला अभिमान आहे."

"तसं नाही. त्यांना हवाय. घेऊन जाऊ?"

"काचेला हात लावायचा नाही." मुलं हसली. बाईंनी तिचा दंड धरून तिला रांगेत परत उभं केलं. जाताना ती पाठमोरी दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिचा डावा खांदा जरा खाली आहे.

मित्रांनो, तुम्ही इथे येता, हात जोडता, माझ्याबरोबर फोटो काढता. मला फुलं नकोत आणि रोजची पुसापुशीही नको. घोट्यातला एक बोल्ट बदलायचा आहे. मिस्त्री अजून आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे. सैनिकाचा मान ठेवायचा असेल, तर त्याची वस्तू त्याच्या घरी पोहोचती करा आणि तो तिन्ही पायऱ्या न पडता चढला, की तेव्हा टाळ्या वाजवा.

दुपारी रखवालदार जेवायला जातो. कपाटाला कुलूप नाही. नुसती कडी आहे आणि ती तुमच्या बाजूला आहे.