ताईची हिरवी रेघ

"हा जुना पडदा बंद ठेवला तर बरीच वर्षं टिकेल. रोज चालवला तर कधी डोळे मिटेल, सांगता येत नाही," यंत्रामागून डोकं बाहेर काढत संग्रहालयाचा तंत्रज्ञ म्हणाला.

धाकटीचं लक्ष पडद्याच्या काचेवर होतं. काळोखातून एक हिरवी रेघ उगवली, थोडी घुटमळली आणि वळत निघाली. मागे तिची शेपटी विरत राहिली, थंडीत तोंडातून निघालेल्या वाफेसारखी. रेघ कुठे वळेल ते आधी कळायचं नाही, आणि गेलेली वाट ती पुन्हा धरायची नाही.

ही रेघ तिच्या ताईची. ताई हवामान कचेरीत होती. दिवसभर संगणकाला वाऱ्यापावसाचे आकडे भरवायचे आणि कचेरी रिकामी झाली की साहेबांच्या परवानगीनं त्याच संगणकावर चित्रं काढायची. तेव्हा असलं काही चित्र असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आई कावायची, "लग्नाचं वय रेघोट्या मारण्यात घालवतेस."

"मी कुठे मारते, आई? यंत्र मारतं. कुठे वळायचं नाही, तेवढंच मी त्याला सांगते."

धाकटी शिवणकाम करायची. ताई तिला कचेरीत घेऊन जायची. दोघी दिवे मालवून पडद्यासमोर बसायच्या. घरी परतताना रस्तासुद्धा पायांखाली हलकेच वळतोय, असं धाकटीला वाटायचं.

पुढे कचेरीनं ते यंत्र मोडीत काढलं, तेव्हा ताईनं ते घरी आणलं. बाहेरची अर्धी खोली त्यानंच अडवली. पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही, म्हणून पाहुणेही कमी झाले. ताई गेली तेव्हा धाकटीनं यंत्र संग्रहालयाला दिलं.

"संगणकावरच्या कलेचं हे अगदी सुरुवातीचं काम आहे," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "असं फार थोडं उरलंय. त्यामुळे मूळ यंत्र बंद करून जपून ठेवावं आणि प्रदर्शनात नक्कल लावावी, असं मला वाटतं. पण तुमच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही."

शेजारच्या खोलीत सपाट पडद्यावर नक्कल चालू होती. धाकटी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"शेपटीही घातलीय, मावशी," तंत्रज्ञ म्हणाला.

"हो, छान केलंयस. पण ही विरत नाही रे, पुसली जाते."

त्यानं मान डोलावली. "खरंय. ते काही मला जमलं नाही."

धाकटी घरी आली. यंत्र गेल्यापासून खोली मोठी झाली होती आणि तिला तिथे करमत नव्हतं. भिंतीवर यंत्राच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला होता. ताईनं ही रेघ कुणाकुणाला दाखवली, ते ती आठवत बसली. आई, आपण, कचेरीचा पहारेकरी आणि एकदा टपाल घेऊन आलेला पोस्टमन. पोस्टमन टपाल द्यायचं विसरून दारातच उभा राहिला होता. त्या दिवशी ताई जेवताना स्वतःशीच हसत होती.

सकाळी धाकटीनं बाईंना सांगितलं, "चालू ठेवा."

"आणि बंद पडलं तर?"

"तर बघितलेली माणसं तरी असतील. झाकून ठेवलं तर तीही नसतील."

बाईंनी खोलीचा नकाशा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "बरं. खोलीत बाकडी मात्र भरपूर लावू."

प्रदर्शन सुरू झालं. अंधाऱ्या खोलीत माणसं येत, घटकाभरासाठी टेकत आणि बसूनच राहत. कुणी चपला काढून पाय वर घेई, कुणाचं मूल मांडीवर झोपून जाई. रेघ सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून पाण्यासारखी हिरवी फिरायची. धाकटी मागच्या बाकावर बसायची. ही कोण, ते कुणाला ठाऊक नसायचं, आणि ते तिला बरं वाटायचं.

एका दुपारी रेघ मधेच मंदावली. तिचा ठिपका झाला. ठिपका जरा थरथरला आणि आत आत जात दिसेनासा झाला. कुणी हललं नाही. हाही चित्राचाच भाग असेल असं वाटून माणसं वाट बघत राहिली. तंत्रज्ञ दारापाशी आला, पण त्यानंही दिवे लावले नाहीत.

हळूहळू खोली रिकामी झाली. धाकटी उठली, पुढे गेली आणि तिनं पडद्यावर तळवा टेकवला. काच अजून कोमट होती. ती निवेपर्यंत धाकटी तशीच उभी राहिली.