गोळीचा गुण

गिरणीचा पट्टा फडफडत होता, पीठ उडत होतं आणि त्या गदारोळात काकी गिरणीवाल्याला जाब विचारत होती.

"भाऊजी, खरं सांगा. तुम्ही ह्यांना गुडघ्याची गोळी दिली होती की नाही?"

"मी?" गिरणीवाल्यानं पिठाचे हात कानाला लावले. "पिठाशिवाय मी कुणाला काही देत नाही, वहिनी."

"परवापर्यंत तर सांगत फिरत होतात, माझ्या गोळीनं अण्णा पळायला लागला म्हणून!"

"ते आपलं गमतीनं."

काकीला गंमत कळण्याची वेळ नव्हती. तिचा नवरा, म्हणजे अण्णा, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पडला होता. ओठ फुटून रक्ताळले होते, डोळे चिकटले होते आणि पाठीची कातडी चादरीला घासूनसुद्धा सुटत होती. भाजलेल्या माणसासारखा तो कण्हत होता, आणि आगीजवळ तर गेलाच नव्हता.

झालं होतं फक्त एवढंच, की गुडघा दुखत होता. आता या गावात आजाऱ्याला रिकाम्या हातानं भेटायला जात नसत. घरात उरलेल्या गोळ्या प्रत्येकजण कागदात बांधून नेई, आणि "घे रे, मला हिनंच गुण आला" म्हणून समोर बसून गिळायला लावी. त्यात अण्णा भिडस्त. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून त्यानं दोन आठवडे सगळ्यांची मनं पाण्याबरोबर गिळली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषधाची ॲलर्जी आहे, फार वाईट जातीची. कोणत्या औषधानं झालं ते मला कळायलाच हवं. चुकून पुन्हा तेच पोटात गेलं, तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

म्हणून काकी दारोदार फिरत होती. सुतार म्हणाला, "आमच्याकडे दुखलं तर दुखू देतो. गोळी कसली?" निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसला. "मी फक्त मार्गदर्शन केलं." थोरल्या जावेनं तर आधी गळाच काढला. "धाकट्या दिराला मी विष घालीन का गं?" विषाचं नाव काकीनं काढलंही नव्हतं.

घरी येऊन ती उंबऱ्यात बसली आणि पोटभर रडली. दोन आठवडे हीच माणसं तिच्या ओसरीवर गोळ्यांची कौतुकं सांगत बसली होती. आज एकजणही ताकास तूर लागू देत नव्हता. रडता रडताच तिच्या डोक्यात काहीतरी आलं आणि तिनं पदरानं नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिरणीच्या रांगेत जाऊन हसतमुखानं उभी राहिली.

"अण्णा कसा आहे?" कुणीतरी विचारलं.

"ठणठणीत! गुडघा असा मोकळा झालाय की डॉक्टरीणबाईच थक्क झाल्यात. म्हणतात, अशी गोळी देणारा माणूस कोण ते मला कळू दे. रिकामं पाकीट असलं तरी चालेल."

खरं तर ती दवाखान्यातून निघाली, तेव्हा अण्णाला चमचाभर पाणीही गिळता आलं नव्हतं.

दुपारच्या आत ओसरीवर चौघे हजर. चौघांच्या हातात पाकिटं.

"माझी लाल गोळी," गिरणीवाला म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं नव्हतं?"

"लाल गोळीनं काय होतं? माझी पिवळी, रोज दोन दिल्यात," सुतारानं बाह्या सरसावल्या.

"पहिला डोस माझा होता," मास्तर म्हणाले. "तारीख सांगू?"

"मी तर गुळात घालून दिली हो," जाऊ म्हणाली. "आईच्या मायेनं!"

चौघे एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या आत काकीनं चारही पाकिटं पिशवीत कोंबली आणि बस गाठली.

डॉक्टरीणबाईंनी पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली, एकेक उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला.

"काकू, ही चार औषधं नाहीत. एकच आहे. वरचं मोठं नाव कंपनी ठेवते. खरं औषध या खालच्या बारीक अक्षरात असतं. तुमच्या माणसानं एकच गोळी चार दारांनी खाल्लीय."

त्यांनी ते नाव एका कार्डावर लाल शाईनं लिहिलं आणि खाली लिहिलं, कधीही देऊ नये. काकीनं कार्ड पोलक्यात ठेवलं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा भूक लागली.

महिन्याभरानं अण्णा घरी आला. अंगावर नवी गुलाबी कातडी, आवाज बारीक. चौघे भेटायला आले. काकीनं काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि खाली मान घालतील म्हणून वाट बघितली.

"चौघांची एकच?" गिरणीवाल्यानं सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे माझ्या एकट्याचं काही नाही."

"पाव हिस्सा," मास्तरांनी हिशेब केला.

पाव-पाव वाटणीला आल्यावर पाप कुणालाच जड वाटेना. जावेनं चहासुद्धा मागितला. गिरणीवाल्यानं खिशातून एक हिरवं पाकीट काढलं. "पडून पडून अंग दुखत असेल ना, अण्णा? ही अगदी वेगळी आहे."

सवयीनं अण्णाचा हात पुढे गेला. काकीनं पाकीट हिसकावलं, कार्डाशेजारी धरलं आणि मास्तरांच्या नाकासमोर नेलं.

"वाचा. खालचं, बारीक."

मास्तरांनी एकदा पाकीट वाचलं, एकदा कार्ड. मग चष्मा काढून ठेवला. "तेच आहे," ते पुटपुटले.

अण्णानं हात मागे घेतला. "नको," तो म्हणाला. कुणाला नाही म्हणायला त्याला उभा जन्म आणि अंगभर कातडी लागली होती.

गिरणीवाला दुखावला. "एवढ्या मायेनं आणली होती. नको तर नको, द्या इकडे. माझीच कंबर धरलीय सकाळपासून."

आणि पाण्याचीही वाट न बघता त्यानं ती गोळी सगळ्यांदेखत तोंडात टाकली.